आधी भाकर की आधी दवाखाना

अमरावती जिल्ह्यातल्या मेळघाटात लेकरू का दगावतं, या प्रश्नावर गेली तीस वर्षं वाद चालू आहे. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला इथल्या बालमृत्यूंच्या बातम्या मुंबईपर्यंत पोचल्या. 1995 मध्ये सरकारने नवसंजीवनी योजना आणली. उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाल्या, त्यांवर आदेश निघत राहिले. वाद मात्र होता तिथेच आहे. एक बाजू म्हणते, उपचार वेळेवर पोचत नाही म्हणून मूल जातं. दुसरी म्हणते, घरात अन्न नाही म्हणून जातं.

या दोन बाजू मी इथे समोरासमोर बसवल्या आहेत. बोलणारी माणसं रचलेली आहेत. डॉक्टर साताऱ्याकडची, वैद्यकीय शिक्षणानंतरच्या सक्तीच्या, बाँडच्या नोकरीवर धारणी तालुक्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात आलेली. गुरुजी कोरकू समाजातले, आश्रमशाळेत आयुष्य काढून निवृत्त झालेले. दोघांनाही लेकरं जगायला हवी आहेत, म्हणून हे भांडण ऐकण्यासारखं आहे. मी काही काठावर बसलेला नाही. जिथे राहवलं नाही तिथे मध्ये बोललो आहे.

डॉक्टर: गुरुजी, परवा एक बाळ आलं. बावीस दिवसांचं. श्वास घेताना छाती आत जात होती. दूध सोडून दोन दिवस झाले होते. त्या दोन दिवसांत ते भूमकाकडे, तुमच्या त्या गावठी वैद्याकडे होतं आणि पोटावर तापलेल्या विळ्याचे डाग होते. न्यूमोनिया, गुरुजी. पहिल्या दिवशी आणलं असतं तर औषधावर बरं झालं असतं. आम्ही धारणीला पाठवलं, ते वाटेत गेलं. सगळे म्हणतात मेळघाटात मुलं भुकेने मरतात. या बाळाच्या बाबतीत भूक कुठे आली? आईला दूध होतं.

गुरुजी: जन्माचं वजन किती होतं त्याचं?

डॉक्टर: कार्डावर एक किलो नऊशे आहे.

गुरुजी: आणि आईचं? नवव्या महिन्यात?

डॉक्टर: अडतीस किलो.

गुरुजी: मग तुमच्या कार्डावरच लिहिलेलं आहे की भूक कुठे आली. ते लेकरू जन्मायच्या आधीपासून उपाशी होतं. अडीच किलोच्या लेकराला सर्दी झाली तर ते शिंकतं, दोन किलोच्या आतल्याला तीच सर्दी छातीत उतरते. हे तुम्ही मला शिकवायचं की मी तुम्हाला?

डॉक्टर: मान्य. पण मग मी काय करू? आईचं वजन दहा किलोने वाढेपर्यंत बाळाला थांबायला सांगू? बायका उद्याही बाळंत होणार आहेत. गरिबी हटेल तेव्हा हटेल, तोवर मुलं वाचवता येतात, हे विदर्भातच सिद्ध झालंय. गडचिरोलीत बंग पतिपत्नींच्या 'सर्च' संस्थेने 39 गावांत काम केलं. गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. बाळाचं वजन करायचं, ऊब द्यायची, मिनिटाचे श्वास मोजायचे, जंतुसंसर्गाची लक्षणं दिसली तर घरीच जेंटामायसिनचं इंजेक्शन द्यायचं. तिसऱ्या वर्षी तिथला नवजात बालकांचा मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा 62 टक्क्यांनी उतरला. 1999 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. त्या गावांत तेवढ्या वर्षांत कोणाच्या घरी सोन्याचा धूर निघाला नव्हता. भूक तशीच होती, तरी मुलं वाचली.

गुरुजी: मी ते मानतो. आज आमच्या आशाताया बाळंतिणीच्या घरी सहा-सहा, सात-सात वेळा जातात ते त्यातूनच आलं. पण एक सांगा डॉक्टरबाई, ती इंजेक्शन देणारी कुठची होती?

डॉक्टर: गावातली.

गुरुजी: बोलायची कोणत्या भाषेत?

डॉक्टर: त्यांच्याच.

गुरुजी: तेच सांगतो आहे. तुम्ही म्हणता इंजेक्शनने लेकरं वाचली. मी म्हणतो, इंजेक्शन त्या बाईच्या हातात होतं म्हणून दार उघडलं. तुमच्या केंद्रातलं कोण कोरकू बोलतं?

डॉक्टर: (थोडं थांबून) शिपाई. आणि झाडलोट करणारी मावशी.

गुरुजी: म्हणजे आमच्या पोरीच्या पांढऱ्या पाण्याची तक्रार शिपायाच्या तोंडून तुमच्यापर्यंत येते. ती सांगेल का? ती म्हणते, पोट दुखतं. तुम्ही पोटदुखीची गोळी देता. ती घरी जाऊन म्हणते, गुण नाही आला. मग भूमका.

इथे मला मध्ये बोलायचं आहे. कोरकू ही मराठीची किंवा हिंदीची बोली नाही. संथाळी, मुंडारी ज्या मुंडा भाषाकुळातल्या, त्याच कुळातली ती, आणि त्या कुळाचं अगदी पश्चिमेचं टोक सातपुड्यात आहे. मराठी माणसाला कोकणी किंवा गुजराती कानावरून ओळखू येते, तशी कोरकू येत नाही. दवाखान्यात येणारी बाई बाजारापुरती हिंदी बोलते आणि आपल्याला वाटतं की भाषेची अडचण नाही. बाजारात मिरचीचा भाव विचारता येतो, तेवढ्या भाषेत आपल्या शरीराबद्दल परक्या माणसाला सांगता येत नाही. आरोग्यसेवा किती लांब आहे हे आपण किलोमीटरमध्ये मोजतो. अमरावतीपासून धारणी दीडशे किलोमीटरच्या आसपास, मध्ये घाट, पावसाळ्यात नाले. ही मोजणी खोटी नाही. पण केंद्राच्या भिंतीला लागून राहणारी बाईसुद्धा आत येत नसेल, तर ते अंतर कशात मोजायचं, याचा रकाना कुठल्याच नोंदवहीत नाही.

डॉक्टर: तुम्ही भूमकाची बाजू घेताय.

गुरुजी: नाही. चटके बंद झाले पाहिजेत, त्यात दुमत नाही. माझ्या धाकट्या भावाच्या पोटावर डाग होते, तो गेला. पण भूमका कसा वागतो ते पाहा. रात्री दोनला बोलवा, कंदील घेऊन येतो. तुमच्या बापाचं, आज्याचं नाव घेऊन बसतो. घरातल्या सगळ्यांना विचारतो, काय झालं, कधी झालं, कोणाशी भांडण झालं का. तासभर ऐकतो. पैसे नाहीत म्हटलं तर कोंबडी पुढच्या महिन्यात द्या म्हणतो. आणि तुमच्याकडे? पहिला शब्द काय असतो? "इतक्या उशिरा काय आणलं?"

डॉक्टर: कारण उशिरा आणलेलं असतं! गुरुजी, माझ्या हातावर मूल मरतं. मला राग येतो. तो राग कोणावर काढू?

गुरुजी: राग येऊ दे. पण ती मायही लेकरू गमावून बसली आहे आणि वर तिलाच गुन्हेगार ठरवलं. पुढच्या खेपेला तिच्या जावेचं लेकरू आजारी पडलं तर ती काय सल्ला देईल?

डॉक्टर यावर काही बोलली नाही, असं मी लिहू शकलो असतो. पण अशा डॉक्टर मी पाहिल्या आहेत, त्या गप्प बसत नाहीत, आणि बसूही नये. तिची बाजू कमकुवत नाही. पण आरोग्य विभागानेही भूमकांना धरूनच काम करायचा मार्ग काढला आहे. त्यांचे मेळावे घेतले, आजारी मूल दवाखान्यात पाठवलं तर भूमकाला पैसे द्यायची सोय केली. मला हा निर्णय शहाणपणाचा वाटतो. काही डॉक्टरांना तो अंधश्रद्धेला मानधन दिल्यासारखा वाटतो. मूल वेळेत पोचत असेल तर मला त्या मानधनाचं दुःख नाही.

डॉक्टर: ठीक आहे. भाषा, वागणूक, सगळं मान्य. पण तुम्ही अन्नाबद्दल बोलत होतात. अन्न तर येतंय ना? रेशनवर धान्य आहे, 2013 चा अन्न सुरक्षा कायदा आहे. 2015 पासून अब्दुल कलाम अमृत आहार योजना आहे. गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत रोज एक वेळचं गरम जेवण, लहान मुलांना अंडी. मग अडतीस किलो का?

गुरुजी: हिशेब करू. रेशनचं धान्य माणशी महिन्याला पाच किलो. दिवसाला किती झालं?

डॉक्टर: एकशे साठ-पासष्ट ग्रॅम.

गुरुजी: गहू आणि तांदूळ. डाळ नाही, तेल नाही. दिवसभर डोक्यावर दगड वाहणाऱ्या बाईला एकशे पासष्ट ग्रॅम तांदूळ किती पुरतो, ते तुम्ही पुस्तकातून सांगा. आणि तेही अंगठा उमटला तर. मशीनला रेंज पाहिजे. रेंज टेकडीवर. मजुरीने बोटाच्या रेषा झिजलेल्या म्हातारीचा अंगठा मशीन घेत नाही. मग उद्या या. उद्या म्हणजे एका दिवसाची मजुरी.

डॉक्टर: आणि शेत? जमीन आहे की लोकांना.

गुरुजी: वावर आहे, हलकं, उताराचं, पावसावरचं. माझ्या लहानपणी त्यात कुटकी, कोदो, सावा, ज्वारी, मका, मध्ये तूर-उडीद असायचं. पाऊस दगा द्यायचा तरी एक ना एक घरात यायचं. आता बहुतेकांचं सोयाबीन. सोयाबीन विकायचं, खायचं नाही. भाव पडला की घरात ना पैसा ना दाणा. आणि जंगल. 1973-74 मध्ये देशातले पहिले व्याघ्रप्रकल्प झाले, त्यात मेळघाट आलं. वाघ वाचला पाहिजे, मी वाघाच्या विरोधात नाही. पण कंदमुळं, मोहफुलं, पावसाळ्यातल्या रानभाज्या, नदीतले खेकडे-मासे, हे आमचं ताट होतं. त्यातलं बरंच कुंपणाच्या आत गेलं. 2006 चा वनहक्क कायदा आला, काही गावांनी सामूहिक हक्क मिळवले, बरीच अजून कागद घेऊन फिरत आहेत.

डॉक्टर: म्हणजे तुमचं म्हणणं, डॉक्टरने शेतीबद्दल बोलावं.

गुरुजी: मेळघाटातल्याच बैरागडला डॉ. रवींद्र कोल्हे आले, तेही एमबीबीएस. काय केलं त्यांनी? औषध तर दिलंच. पण लोकांच्या आजारामागे रिकामं पोट आहे हे दिसल्यावर शेतीत उतरले, रेशन दुकानावर धान्य खरोखर मिळतंय का याच्या मागे लागले. 2019 मध्ये त्यांना आणि त्यांच्या पत्नी स्मिताताईंना पद्मश्री मिळाली. लोक म्हणतात एक रुपया फी घेणारे डॉक्टर. मला वाटतं, फीपेक्षा रेशन दुकानाच्या दारात उभं राहणं मोठं होतं.

डॉक्टर: प्रत्येक डॉक्टर कोल्हे होऊ शकत नाही आणि व्यवस्था तशा अपेक्षेवर उभी करता येत नाही. माझं बाँडचं वर्ष संपलं की मी जाणार. बायकांचा नि बालकांचा तज्ज्ञ तर धारणीला पंधरा-पंधरा दिवसांच्या पाळीने येतो. एवढ्या वेळात माणूस रेशन दुकान कुठे आहे हेही शिकत नाही.

गुरुजी: हे तुम्ही बोललात ते मी बोललो असतो तर तुम्हाला राग आला असता.

पंधरा दिवसांच्या पाळीवर मी थोडा थांबतो. तज्ज्ञ अजिबात नसण्यापेक्षा पंधरा दिवसांचा तज्ज्ञ बरा, याबद्दल शंका नाही. अडलेल्या बाळंतपणात तो जीव वाचवतो. पण आठव्या महिन्यात ज्या डॉक्टरने तपासलं तो नवव्या महिन्यात नाही, ही गोष्ट शहरातली कुठली बाई सहन करेल? पुण्या-मुंबईच्या घरात डॉक्टरचं नाव आत्या-मावशीच्या नावासारखं घेतलं जातं. "आपले डॉक्टर" हा शब्द आपल्याकडे किती सहज आहे. मेळघाटातल्या कोरकू बाईकडून आपण विश्वासाची अपेक्षा करतो आणि विश्वास ठेवायला तिच्यासमोर कोणी माणूसच टिकू देत नाही.

डॉक्टर: आता माझं ऐका. तुम्ही सारखं 'आमचं ताट' म्हणता. ते ताट घरात सगळ्यांचं सारखं आहे? अमृत आहाराचं जेवण अंगणवाडीत बसून खायचं असतं. बायका डबा घरी नेतात. का? घरी सासू आहे, तीन पोरं आहेत, नवरा आहे. एका पोटाचं जेवण पाचांत वाटलं जातं आणि बाई सगळ्यांच्या शेवटी बसते. वर म्हाताऱ्या सांगतात, गरोदरपणी कमी खा, मूल मोठं झालं तर अडेल. पहिला चीक अजून काही घरांत पिळून टाकतात. पंधराव्या-सोळाव्या वर्षी लग्न. हे जंगल खात्याने केलं नाही, रेशन मशीनने केलं नाही. तुमच्या समाजाच्या आतलं आहे.

गुरुजी: आहे. नाकारत नाही. बाई शेवटी जेवते हे खरं आहे, आणि ते आम्हीच बदललं पाहिजे. पण डबा घरी नेते त्यावर बोलू द्या. घरात तीन लेकरं उपाशी असताना अंगणवाडीत बसून एकटीने वरण-भात खाईल अशी माय तुम्हाला पाहिजे का? योजनेने एक पोट धरलं. माय एक पोट नसते, माय म्हणजे घर. घराला पुरेल एवढं द्या, मग बघा ती जेवते का नाही.

डॉक्टर: आणि कमी खायला सांगणाऱ्या म्हाताऱ्या?

गुरुजी: म्हाताऱ्यांनी अडलेल्या बाया पाहिल्या आहेत. गाडी नाही, सिझेरियन करणारं कोणी नाही. लेकरू लहान तर बाई वाचते, हा त्यांचा अनुभव. तुम्ही रात्री दोनला शस्त्रक्रिया करून दाखवा, दोन-तीन वर्षं सलग, त्या स्वतः म्हणतील, खा पोरी.

हे उत्तर ऐकून मला माझी भूमिका पक्की करावी लागली. आपण ज्याला रूढी म्हणतो ती पुष्कळदा दवाखाना नसण्याशी केलेली तडजोड असते. इथे भूक आणि उपचार हे दोन विषय राहत नाहीत. शस्त्रक्रियेची सोय नाही म्हणून बाई कमी खाते. कमी खाल्लं म्हणून मूल दोन किलोच्या आत जन्मतं, आणि म्हणून न्यूमोनियात जातं. मग आपण मंत्रालयात बसून वाटून घेतो, की पहिलं कारण महिला व बालविकास खात्याचं, दुसरं आरोग्याचं, तिसरं आदिवासी विकासाचं.

डॉक्टर: तुमचं सगळं खरं धरलं तरी एका गोष्टीवर मी हटणार नाही. वयाचा हिशेब करा. बाळ पहिल्या अठ्ठावीस दिवसांत जातं ते बहुतेक वेळा जंतुसंसर्गाने, श्वास न घेतल्याने, कमी दिवसांचं असल्याने. तिथे त्या क्षणी भाकर उपयोगाची नाही, तिथे हात लागतो, ऊब लागते, औषध लागतं. आणि तो हात गावात पाहिजे.

गुरुजी: आणि सहा महिने ते तीन वर्षं?

डॉक्टर: तिथे तुमचं बरोबर आहे. जागतिक आरोग्य संघटनाच सांगते, पाच वर्षांखालच्या जवळपास निम्म्या मृत्यूंमागे कुपोषण आहे. मी हगवण थांबवते, मूल घरी जातं, दोन महिन्यांनी आणखी हडकून परत येतं. दंडाची पट्टी साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली, लाल. पोषण पुनर्वसन केंद्रात चौदा दिवस ठेवायला सांगते. पाचव्या दिवशी आई मुलाला घेऊन पळून जाते.

गुरुजी: पळून जाते असं रजिस्टरला लिहिता?

डॉक्टर: 'सल्ल्याविरुद्ध घरी गेली' असं आम्ही लिहितो.

गुरुजी: घरी तिची दुसरी दोन आहेत. बकऱ्या आहेत. नवरा मजुरीला गेला तर चूल कोण पेटवेल? बुडीत मजुरी द्यायची तरतूद आहे, पण ती हातात कधी पडते? ती एकाला वाचवायला बसली तर घरी दोघं उपाशी. तिने हिशेब केला आणि गेली. तिला पळून जायचं असतं तर ती आलीच नसती.

या वयाच्या हिशेबावर दोघं एकमेकांच्या सगळ्यात जवळ आली, आणि मला वाटतं, तीस वर्षांच्या भांडणातली निम्मी हवा इथे निघते. पहिल्या महिन्यातल्या मृत्यूंसाठी डॉक्टरची बाजू, त्यानंतरच्या झिजण्यासाठी गुरुजींची. दोन्ही ठिकाणी काम करणारी बाई एकच असू शकते: गावातली, कोरकू बोलणारी, हातात औषध असलेली आणि धान्याच्या वाटपावर जिचा शब्द चालतो अशी. आज आशाताईकडे औषधाची पेटी आहे, अंगणवाडीताईकडे खिचडी आणि वजनकाटा आहे, रेशन दुकानदाराकडे धान्य आहे. तीन दारं, तीन नोंदी, तीन ॲप.

राज्याचे आकडेही पाहू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रात पाच वर्षांखालची 35.2 टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी आणि 25.6 टक्के उंचीच्या मानाने रोडावलेली सापडली. देशातली सर्वांत मोठी अर्थव्यवस्था असलेल्या राज्याचा हा आकडा आहे. 2011 च्या जनगणनेत राज्यातले आदिवासी 9.35 टक्के, म्हणजे एक कोटीवर. सरासरी आकडा पाहून राज्य स्वतःची समजूत घालतं, आणि धारणी-चिखलदरा, अक्कलकुवा-धडगाव, भामरागड, जव्हार-मोखाडा ही तालुक्यांची नावं दर पावसाळ्यात बालमृत्यूंच्या बातम्यांत तीच येतात. जातजमात बदलते, कोरकू, पावरा, माडिया, कातकरी, पण नकाशा तोच. 2001 मध्ये 'कोवळी पानगळ' या अहवालाने दाखवलं होतं की सरकारी नोंदीत बालमृत्यूंचा छोटा हिस्साच येतो. मोजणी सुधारली असेल. नावं बदललेली नाहीत.

गुरुजी: अजून एक राहिलं. तुम्ही गावात हात पाहिजे म्हणता. पण गावच गावात नसतं. दिवाळी झाली की अर्धं गाव बाहेर. वीटभट्टी, संत्र्याच्या बागा, बांधकाम. होळीला येतात, आमचा सगळ्यात मोठा सण, मेघनाथाची पूजा असते. मग पुन्हा जातात पावसापर्यंत. गरोदर बाई पाचव्या महिन्यात इथे नोंदली, आठव्या महिन्यात भट्टीवर. तिथल्या आशाताईच्या यादीत तिचं नाव नाही. रेशन कुठल्याही दुकानात मिळतं म्हणतात. नवरा तिथे दुकान शोधायला गेला तर दिवसाची मजुरी बुडते.

डॉक्टर: माझ्या यादीत तिच्यापुढे 'स्थलांतरित' लिहिलेलं असतं. लिहिलं की ती माझी जबाबदारी राहत नाही.

गुरुजी: हेच मी म्हणून राहिलो. जाणार नाहीत असं करा, नाहीतर जातील तिथे पोचा. गावात रोजगार हमीचं काम पावसाळा संपल्या संपल्या निघालं, मजुरी पंधरा दिवसांत हातात पडली, तर गरोदर बाई भट्टीवर कशाला जाईल?

डॉक्टर: आणि व्याघ्रप्रकल्पातून अकोटकडे पुनर्वसन झालेल्या गावांचं काय? त्यांना तर जंगलाबाहेर, रस्त्याजवळ आणलं, मोबदला दिला. दवाखाना जवळ आला.

गुरुजी: त्यातली कितीतरी माणसं काही वर्षांपूर्वी परत जंगलात शिरली, माहीत आहे ना? म्हणाली, कबूल केलेली जमीन नाही, उपचार नाहीत, आमची माणसं इथे मरून राहिली. पैसे हातात आले, पण वावर नाही, रानभाजी नाही, शेजारी ओळखीचे नाहीत. रस्ता जवळ आला आणि सगळं लांब गेलं.

डॉक्टर: तर मग तुम्ही सांगा. उद्या सकाळी एकच गोष्ट करायची असेल, तर कोणती? पैसा एकाच कामाला आहे. मी म्हणते, प्रत्येक गावात नवजात बाळासाठी पूर्ण शिकवलेली, पुरेसं मानधन असलेली बाई. आत्ता. या पावसाळ्याआधी.

गुरुजी: मी म्हणतो, आश्रमशाळेत विज्ञानाचा शिक्षक.

डॉक्टर: काय?

गुरुजी: तुमच्या केंद्रात कोरकू बोलणारा शिपाई आहे, नर्स काहून नाही? कारण बारावी विज्ञान झालेली कोरकू पोरगी मिळत नाही. ती का मिळत नाही? दहावीपर्यंत तिला विज्ञान शिकवणारा माणूस अर्धं वर्ष नसतो. मी तिथे शिकवत होतो, मला माहीत आहे. गणिताच्या तासाला मराठीचा मास्तर, मराठीच्या तासाला मी. पोरी हुशार होत्या. आज त्या भट्टीवर आहेत.

डॉक्टर: गुरुजी, आज आठवीत असलेली मुलगी नर्स होऊन माझ्या केंद्रात यायला सात-आठ वर्षं. तोवर किती बाळं जातील?

गुरुजी: तीस वर्षांपूर्वी कोणी हेच विचारलं होतं. तेव्हा शिक्षक दिला असता तर आज तुमच्या जागी ती बसली असती.

डॉक्टर: आणि आज रात्री येणारं बाळ?

गुरुजी: त्याला तुम्ही पाहा. मी भूमकाला घेऊन येतो, त्याला सांगतो की श्वास मोजायला शीक. घड्याळ तुम्ही द्या.

डॉक्टर: घड्याळ देते. श्वास कसे मोजायचे तेही शिकवते. पण दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला साठ झाले की तिथून हलायचं, विळा तापवायचा नाही. हे त्याच्याकडून कबूल करून घ्या.

गुरुजी: घेतो. आणि तुम्ही मला विज्ञान शिक्षकाच्या रिकाम्या पदाचा अर्ज लिहून द्या. डॉक्टरच्या सहीने. तुमच्या शिक्क्याला आदिवासी विकासाच्या प्रकल्प कार्यालयात उत्तर द्यावं लागेल, माझ्या अर्जांना मिळालं नाही.

डॉक्टर: माझ्या तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना हे चालणार नाही. शिक्षण आमच्या कक्षेत येत नाही म्हणतील.

गुरुजी: मग अर्जात लिहा, हा आरोग्याचा विषय आहे. कारण काय ते तुम्हाला आता माहीत आहे.